वाढलं का गो?

खैरू,

परवा संध्याकाळी निकाल लागला. मफलरवाला चालला. उन्हाळ्यात मुदत संपली की पुन्हा सही न करता घरी जाणार, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. म्हणजे तू जिंकलीस आणि मी हरले. हे तुला मागच्या भिंतीवरून ओरडून सांगायला मी उठलेसुद्धा. एक पाय चपलेत घातला, आणि दुसरा घालायचं काही कारण उरलेलं नाही हे मग लक्षात आलं. तशीच एका चपलेवर बराच वेळ उभी होते. तू पाहिलं असतंस तर वर्षभर पुरवून पुरवून हसली असतीस. म्हणून लिहून कळवते आहे.

तुला जाऊन आज चौदावा दिवस.

हे लिहिलेलं तिसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला वाटेल, मफलरवाला म्हणजे आपल्यापैकी कुणाचा तरी दीर असावा. तर सांगून टाकते. तो परदेशातल्या एका फुटबॉल टीमचा कोच. त्याचं खरं नाव आपल्या दोघींच्याही जिभेवर कधी नीट बसलं नाही. ऊन असो, पाऊस असो, गळ्यात चौकड्यांचा मफलर, म्हणून मफलरवाला. टीमची जर्सी कोवळ्या पोपटी रंगाची, म्हणून इकडं सगळेच टीमला पोपटी म्हणतात. आपल्याकडे पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. त्यामुळे ‘संध्याकाळी पोपटी आहे, फोन करू नकोस’ असं मी सुनेला सांगितलं की ती पेणहून विचारायची, “आई, ऐन ऑगस्टात वाल कुठून आणलेत?”

रोह्याजवळ वरसेला भिंतीला भिंत लागून घरं. तू एकटी, मी एकटी. तुझा इम्तियाज कुवेतला, माझा मुलगा-सून पेणला. दोघींचे नवरे वर. दुपारी साडेबाराला तुझी भिंतीवरून हाक यायची, “सुमन, वाढलं का गो?” मी ताट घेऊन यायचे, तू ताट घेऊन यायचीस, आणि मागच्या अंगणांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवर दोन्ही ताटं ठेवून आपण जेवायचो. माझं वालाचं बिरडं तुझ्या ताटात, तुझं बोंबलाचं कालवण माझ्या ताटात. अकरा वर्षं. आमच्या ह्यांच्याबरोबरसुद्धा मी इतकी जेवणं सलग जेवलेली नाही, ते शिफ्टमध्ये असायचे.

फुटबॉल तुझ्या घरात आला तो इम्तूच्या फोनमधून. दर शुक्रवारी नमाजनंतर त्याचा फोन यायचा आणि त्याची चार वाक्यं ठरलेली होती. जेवलीस? गोळ्या घेतल्यास? बरी हायस ना? ठेवतो. एका शुक्रवारी मागं लोकांचा गलका ऐकू आला, तू विचारलंस, “कसला रे आवाज?” तो म्हणाला, मॅच लागलीय. “कोण जिंकतंय?” एवढं विचारलंस, आणि पोरगा चाळीस मिनिटं बोलला. फोन ठेवल्यावर तू भिंतीपाशी येऊन म्हणालीस, “सुमे, माझ्या लेकाला इतकं बोलता येतं मला ठाऊकच नव्हतं.” दुसऱ्या दिवशी तू ऑफसाइड म्हणजे काय ते शिकायला बसलीस. वय वर्षं एकोणसत्तर.

मी आले ती चहासाठी. पहिल्या मॅचला मी विचारलं होतं, “एवढे सगळे एकाच चेंडूमागं का धावतायत, अजून एक आणता येत नाही का?” तू मला बाहेर काढणार होतीस.

मफलरवाला त्या टीममध्ये आला आणि आपण बघायला लागलो, एकाच वर्षी. त्यामुळे जिंकणं हे फुटबॉलमध्ये रोजचंच असतं अशी आपली समजूत झाली. तो आल्यापासून त्यांची कपाटं भरली. संध्याकाळची मॅच आपण टीव्हीवर बघायचो. रात्रीची दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोवर निकाल सांगणाऱ्याशी आपण बोलायचो नाही. दूधवाल्याशी तू आठवडाभर अबोला धरला होतास.

मग गेल्या गणपतीनंतर बातमी आली की त्याचं कॉन्ट्रॅक्ट या उन्हाळ्यात संपतंय.

इथं मला माझ्या जुन्या मूर्खपणाची गोष्ट सांगावी लागते. तुला पाठ आहे, तरी ऐक, तू ती ऐकताना दर वेळी नव्यानं हसायचीस. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, कंपनीनं कॉन्ट्रॅक्टवर घेतलं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या गावी, जित्याला, माहेरी गेले आणि आख्ख्या आळीला सांगितलं, आमचे हे कॉन्ट्रॅक्टर झाले. काकूनं विचारलं, कसले? मी म्हटलं, सगळ्याचेच. आठ दिवसांनी माझे वडील गावच्या दोन माणसांना घेऊन रोह्याला हजर, जावईबापूंनी विहीर बांधायचं काम घ्यावं म्हणून. हे तेवढ्यात शिफ्ट संपवून दारात आले. दिवसभर पोती वाहिलेली, केसांपासून चपलेपर्यंत पिवळी भुकटी. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. चहा प्यायला. विहिरीचा विषय न काढता तिघे परत गेले. ह्यांना मी जिवंतपणी कधीच सांगितलं नाही ते कशासाठी आले होते. ती वीस वर्षांची सुमन आज समोर आली तर मी तिचा कान पिळीन, आणि मग तिला जेवायला घालीन, कारण ती फार वाळलेली होती.

तर कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय ते मी तिथं शिकले. अकरा महिने झाले की ब्रेक. ब्रेकमध्ये हे घरी बसायचे आणि मी डाळीचे डबे हलवून आवाज ऐकायचे, किती उरलीय. मग एका संध्याकाळी हे दारातूनच म्हणायचे, “वाढलं.” पुढचे अकरा महिने मिळाले. मी धावत जाऊन पेढे आणायचे. ‘वाढलं’ या शब्दाइतका गोड शब्द माझ्या संसारात दुसरा आला नाही. परमनंट ते कधीच झाले नाहीत. रिटायर मात्र झाले.

म्हणून टीव्हीवर मफलरवाल्याचं कळलं तेव्हा माझा जीव कळवळला. “एवढे कप जिंकून दिले आणि अजून कॉन्ट्रॅक्टवरच? यांची युनियन काय करतेय?”

तू ओढणी तोंडात कोंबलीस. “सुमे, तो गरीब नाय गो. त्याला सोडायला एक गाडी येते, न्यायला दुसरी.”

“असू दे. परमनंट करायला काय जातं?”

“त्याला परमनंट नको असेल.”

“असं कुणी असतं का?”

तू टीव्हीचा आवाज बारीक केलास आणि विचारलंस, “त्याची आई हाय का गो?”

साऱ्या जगात त्या माणसाबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आपल्याला इम्तूनं ज्या ग्रुपवर घातलं होतं, त्याच्या शाळेतल्या दोस्तांच्या ‘पोपटी रोहा’वर, तिथं तर रोज फक्त एकच दळण. राहणार की जाणार. मॅच संपल्यावर मफलरवाल्यानं लोकांकडे बघून नेहमीपेक्षा जास्त वेळ हात हलवला. रोहा म्हणालं, प्रेम. ‘पोपटी पेण’वरून लगेच उत्तर आलं, निरोप. पेणच्या ग्रुपवर बरेच जण गणपतीच्या कारखान्यातले. एक हात रंगाचा मारला की तो वाळेपर्यंत फोन बघायला त्यांना वेळच वेळ. त्यांचं मत ठाम, जाणार. आमचं रोह्याचं ठाम, राहणार. पत्रकारांनी विचारलं की तो स्वतः म्हणायचा, योग्य वेळी सांगेन. “आमच्या ह्यांचे साहेबसुद्धा हेच म्हणायचे,” मी ग्रुपवर लिहिलं, त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, ‘भावा, एकदम बरोबर.’ सुमन हा कुणी जुना खेळाडू असावा अशी त्या पोरांची समजूत होती. मी ती मोडली नाही. या वयात कोण कुणाला भावा म्हणतं?

आणि शेडची गोष्ट. माझी लबाडी आहे, मीच सांगते. एका कंटाळवाण्या मंगळवारी मी ग्रुपवर टाकलं की मफलरवाल्यानं घरामागं पत्र्याची शेड मारायला माणूस बोलावलाय, जाणारा माणूस शेड मारत नाही. झालं. दुपारपर्यंत ते पेणला पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेणहून परत आलं, ‘खास सूत्रांकडून : शेडचं काम सुरू, दोन वर्षं पक्की.’ खाली कुणीतरी शेडचा फोटोही चिकटवलेला. मी फोन घेऊन तुझ्याकडे धावले. “खैरू, बघ, काम सुरूसुद्धा झालं.”

तू चष्मा लावून वाचलंस. “गो बाय,” तू म्हणालीस, “ही तुझीच शेड हाय.”

तेवढं होईपर्यंत मी खरंच विसरले होते.

तू मात्र पहिल्या दिवसापासून पेणवाल्यांच्या बाजूची. रोह्याच्या ग्रुपवर राहून पेणचं मत. इम्तूला तू कामाला लावलंस आणि त्यानं शोधून सांगितलं की मफलरवाल्याची आई आहे, कुठल्याशा बंदराच्या गावात राहते, विमानाला घाबरते म्हणून मॅचला येत नाही. तेवढ्यावर तुझा निकाल लागला. “मग जाऊ दे त्याला. कप काय, दुसरा कोण पण जिंकेल.” मी म्हटलं, लाखो लोक त्याला राहा म्हणतायत. तू म्हणालीस, “लाख लोकांनी त्याला जेवायला वाढलंय काय?”

यावर आपण पैज लावली. तो राहिला तर तू मडकं लावायचंस, गेला तर मी. हरेल तिनं पोपटी भाजायची आणि जिंकेल तिला स्वतःच्या हातानं वाढायची. पण खैरू, आपल्या दोघींनाही माहीत होतं की ही पैज मफलरवाल्याची नव्हती. इम्तूचं कॉन्ट्रॅक्टसुद्धा याच हिवाळ्यात संपत होतं. तो पुन्हा सही करतो की घरी येतो, एवढाच तुझा प्रश्न होता, आणि तो तोंडानं विचारायची तुझी हिंमत होत नव्हती, म्हणून तू तो एका परक्या माणसाच्या नावानं विचारत होतीस.

आता जे मी तुला कधी बोलले नाही ते.

दोन वर्षांपूर्वी, इम्तूच्या मागच्या मुदतीच्या वेळी, एका दुपारी त्याचा फोन मला आला. तुझा लागत नव्हता म्हणाला. पण मला वाटतं, त्यानं मुद्दामच मला केला. “काकी, कंपनी अजून दोन वर्षं वाढवतेय. अम्मीला अजून बोललो नाय. तिची तब्येत कशी हाय? काय करू?”

पोरगा काय विचारत होता ते शेंबड्या मुलालाही कळलं असतं. ये म्हण, असं विचारत होता. आणि मला ऐकू काय आलं? फक्त ‘वाढवतेय’. सत्तरीच्या बाईच्या तोंडून ती वीस वर्षांची वाळकी सुमन बोलली. “वाढवतायत? अरे मग विचारतोस काय? सही कर आधी, त्यांचं मन फिरायच्या आत. मी पेढे आणते.”

तो म्हणाला, “बरं काकी.”

मी खरोखर पेढे आणले, खैरू. पाव किलो. संध्याकाळी पुडा घेऊन तुझ्याकडे आले, तर तू ओट्यापाशी पाठमोरी उभी होतीस. “इम्तूचं वाढलं,” तू म्हणालीस. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू वळलीस, आणि तुझा चेहरा बघून मी पुडा पदराखाली घेतला. तू रिकामं ताट पुसत होतीस. “तिकडं वाढलं,” तू म्हणालीस, “की इकडं वाढायचं राहतं.”

त्याचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं. तुझ्या वयाची दोन वर्षं गेली. पेढे मी घरी नेऊन एकटीनं खाल्ले, चार दिवस, शिक्षा म्हणून. चांगले होते, हे सांगायला लाज वाटते.

तुला सांगायचं असं मी रोज ठरवायचे. साडेबाराला ताट घेऊन निघताना ठरवायचे आणि भिंतीपाशी पोचेपर्यंत मोडायचे. त्याऐवजी मी वाल सोलायला लागले. भिजवलेले, मोड आलेले वाल एकेक करून सोलायचं काम किती किचकट ते तुला माहीत आहे, तुझी बोटं संधिवातानं वाकडी झाली तेव्हापासून तू ते सोडलं होतंस. दर बुधवारी मी वाटीभर सोललेले वाल तुझ्या ओट्यावर ठेवायला लागले. “हे कशाला गो?” तू पहिल्या बुधवारी विचारलंस. “जास्त झाले,” मी म्हटलं. दोन वर्षं दर बुधवारी माझे वाल जास्त होत होते. नखं काळी पडली. तू एकदाही नको म्हणाली नाहीस.

कधी कधी मात्र टीव्हीवर कुणा खेळाडूची मुदत वाढल्याची बातमी आली की तू माझ्याकडे न बघता म्हणायचीस, “काय लोकांना वाढलं की भारी आनंद होतो.” मी नखं पदराखाली घ्यायचे. मग तू चहात साखर जास्त घालायचीस.

इम्तू या खेपेला महिन्याच्या सुट्टीवर आला. तू गेलीस तोवर मिळालेल्या त्या तीन आठवड्यांसाठी मी कुणाचे आभार मानू तेच मला कळत नाही, तुझ्या अल्लाचे की माझ्या गणपतीचे, की त्याच्या सुपरवायझरचे. तिघांचेही मानते. तिघं सोफ्यावर, मधे इम्तू, पोपटी तीन गोलांनी पुढं, आणि तू त्याला समजावतेयस की तो बचाव करणारा चुकीच्या पायावर उभा आहे. तो म्हणाला, “अम्मी, मी पंधरा वर्षं बघतोय.” तू म्हणालीस, “बघतोस, पण लक्ष कुठं असतं.” तुझा तो आवाज मी याआधी ऐकला नव्हता. पोटभर आवाज. तू त्याला दिवसातून तीनदा वाढत होतीस आणि तो चौथ्यांदा चोरून माझ्याकडे नाचणीची भाकरी खायला येत होता, बारीक व्हायचं म्हणून.

त्याच्या सहीचं काय, हे मी विचारलं नाही. तू बोलली नाहीस. पण भिंतीवर जेवताना तू सारखी गालातल्या गालात हसायचीस. मी म्हटलं, “काय गो, दात नवीन बसवलेस?” तू म्हणालीस, “पैजेचा निकाल लागू दे, मग सांगते.”

आणि मग तो गुरुवार. तू जेवलीस, आडवी झालीस. चार वाजता मी भिंतीवरून चहाला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला इम्तू बाहेर आला, आणि त्याच्या चालण्यावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी तुला नेलं तेव्हा मी दाराशी होते. गल्लीच्या टोकाला सलूनपाशी वळेपर्यंत जनाजा दिसत होता. आत बायकांमध्ये बसले, तर तुझ्या लांबच्या कुणा नातेवाईक बाईंनी हळूच विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?” काय सांगणार? एकाच टीमच्या? एका भिंतीच्या? “शेजारी,” मी म्हटलं. इतका थिटा शब्द मी आयुष्यात उच्चारला नाही. तू असतीस तर दुरुस्त केला असतास.

आता परवाचं. मफलरवाला पत्रकारांसमोर बसला, मफलर काढून टेबलावर ठेवला, तिथंच ग्रुपवर रडारड सुरू झाली. कुणी विचारलं, पुढची टीम कोणती? तो म्हणाला, कोणतीच नाही, आता काही दिवस घरचं जेवायचं आहे. इम्तूनं मला ते मराठीत सांगितलं आणि आम्ही दोघं तुझ्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून एकदमच हसलो. पेणवाल्यांनी ग्रुपवर फटाके लावलेत. त्यांना वाटतंय ते बरोबर निघाले. बरोबर तू निघालीस, त्यांना कारण कुठं माहीत होतं?

हरले, म्हणून काल संध्याकाळी मागच्या अंगणात मी मडकं लावलं. तळाला भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, मधे अंडी आणि बटाटे, वरून पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. मी नेहमी लवकर काढते अशी तुझी तक्रार, म्हणून या वेळी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे आतलं शिजलं, तरी थांबले. पुन्हा शिंपडलं. इम्तू उकिडवा बसून काटकीनं निखारे सारखे करत होता.

“काकी,” तो म्हणाला, “एक सांगायचं होतं. अम्मीनं नाय म्हटलेलं.”

“काय?”

“म्हणाली, निकाल लागेपर्यंत काकीला नाय सांगायचं.” मग निखाऱ्यांकडे बघत म्हणाला, “मी सही नाय करत. आलो त्याच हप्त्यात कंपनीला कळवलं. रोह्यातच एसीचं काम काढतोय, एका दोस्ताबरोबर.”

मी तिथंच उरलेल्या पेंढ्यावर बसले. “तिला ठाऊक होतं?”

“पहिलं तिलाच सांगितलं. ती म्हणाली, सुमनला आत्ता कळलं तर ती पैजेत पलटी मारेल.”

मारलीच असती, खैरू. तू मला ओळखत होतीस.

मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “इम्तू, दोन वर्षांपूर्वी तू मला फोन केलास तेव्हा मी...”

“तिला ते पण ठाऊक होतं,” तो म्हणाला. “मीच सांगितलं, त्याच दिवशी.”

मडकं तडतडत होतं. मी विचारलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली, तिचा नवरा वाढलं की घरी यायचा. माझा लेक वाढलं की येत नाय. शब्द एकच हाय, तिला कसं कळणार. तिला काय बोलू नको.” मग तो हसू दाबत म्हणाला, “आणि नंतर एकदा फोनवर म्हणाली, काकी सध्या वाल फार झकास सोलून देते, चालू दे.”

दोन वर्षं. दर बुधवारी वाटीभर. नखं काळी. आणि तू पलीकडे बसून, सगळं ठाऊक असताना, बिरड्यावर बिरडी रिचवत होतीस. खैरू, मी लबाड म्हणून चार गावांत ओळखली जाते, पण तुझ्यापुढं मी काहीच नाही. काल मी रडले ती तू गेल्यापासून पहिल्यांदाच नीट रडले, आणि मधेच मला हसू यायला लागलं, आणि इम्तूला कळेना पाणी कुणावर शिंपडायचं, मडक्यावर की माझ्यावर.

तू माफ केलंस असं मी म्हणत नाही. माफ केलं असतंस तर सोललेले वाल परत केले असतेस. तू त्याहून मोठं काहीतरी केलंस. माझा तो एक शब्द कुठून आला ते तू ओळखलंस आणि त्याला धक्का लावला नाहीस. माझ्या संसारातला गोड शब्द तू माझ्याकडे गोडच राहू दिलास, तुझ्या घरात तो कडू असताना. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. हे मी भिंतीवर ताट ठेवून कधी बोलले असते की नाही, माहीत नाही. बहुतेक बोलले नसते. म्हटलं असतं, कालवणात मीठ कमी आहे.

मडकं उतरवलं. शेंगा अशा मऊ झाल्या होत्या की तुलाही नाव ठेवता आलं नसतं. पैज पैज असते, जिंकणारीला माझ्या हातानं वाढायचं होतं. मी तुझ्या घरातून तुझं ताट आणलं, काठाला पोचा आलेलं ते, भिंतीवर तुझ्या बाजूला ठेवलं आणि इम्तूला त्यापुढं उभं केलं. आधी अंडं सोलून घातलं, मग ओंजळभर शेंगा. तो म्हणाला, बस काकी. मी अजून घातल्या. तो आता इथंच आहे, त्याला बस म्हणायला पुष्कळ दिवस आहेत.

त्यानं पहिली शेंग सोलली. मी माझ्या बाजूला उभी होते, माझं ताट रिकामं, कान पलीकडे. तेवढ्यात त्यानंच शेंगेचं साल बाजूला ठेवत, सहज, तुझ्याच चालीत विचारलं, “काकी, तुझं वाढलं का गो?”

वाढलं गो, खैरू. दोन्हीकडं वाढलं.